वायरीचं पलीकडचं टोक

१

शेजारची डाळ मिल सुरू असली की आमच्या गॅरेजात नवरा-बायकोचं भांडणसुद्धा धड होत नाही. तोंडं हलताना दिसतात, शब्द पोचत नाहीत. सकाळी मी शटर वर करतो, तिकडे मिलचा पट्टा फिरायला लागतो आणि संध्याकाळपर्यंत आमच्या कानातच तूर भरडली जाते. सवयीनं माणूस कशालाही सरावतो. गुरुवारी मिल बंद असते, त्या दिवशी मला उलट डोकं दुखल्यासारखं होतं.

गॅरेज उंद्रीच्या बाहेर, खामगावच्या रस्त्याला. मी देवानंद, गाड्यांचं वायरिंग करतो. माझी बायको रेणुका माझ्याबरोबर काम करते. लग्नानंतर सुरुवातीला ती फक्त डबा घेऊन यायची. एकदा एका पिकअपची वायर ओढायला दुसरा माणूस मिळेना, मी चिडून पाने-पकडी आपटत होतो, तेव्हा म्हणाली, "सरका, मी धरीन त्या टोकाले." आणि धरलं. तेव्हापासून धरलंच. माझी आई, बेबीताई, आठवडाभर फणफणत होती की सून लोकांच्या गाड्यांत लोळते. रेणुकानं तिला सरळ सांगितलं, "आई, तुमच्या लेकाले एका हाताचंच काम येते. दुसरा हात माहा हाय." त्या दोघींचं तेव्हापासून जे जुंपलं, ते रोज संध्याकाळी भाकरी थापताना हप्त्या-हप्त्यानं चालू असायचं.

गाडीत वायर घालायची म्हणजे एक जण पुढे डॅशबोर्डखाली, दुसरा मागे डिकीत. मधे पत्रा आणि वरून मिलचा आवाज. ओरडून घसा बसायचा, म्हणून आम्ही वायरीला हिसके देऊन बोलायला लागलो. एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे ओढ. तीन म्हणजे झालं. एवढ्या तीन शब्दांत आमचा निम्मा संसार झाला म्हटलं तरी चालेल.

आणि हात ओळखू येतो. रेणुका हिसका देण्याआधी वायर किंचित सैल सोडते. दार ठोठावण्याआधी माणूस एक क्षण थांबतो ना, तसं. मग हिसका. मी तिला कैकदा म्हणालो असेन की हे सैल सोडणं कशाला, उगाच वेळ जातो. ती म्हणायची, "तुमच्या बोटाइले काचत नाई मंग." शंभर जणांनी ओढली तरी तिची ओढ मी डोळे मिटून सांगेन, अशी माझी खात्री होती.

२

पिंपळगाव राजाचे हिंमतराव म्हणजे हौशी असामी. घोडा पाळून झाला, कबुतरं उडवून झाली, मग कुठूनशी त्यांनी जुनी स्पोर्ट्स कार आणली. लाल, दोन दारांची, बुटकी. बटण दाबलं की बोनेटमधून दिवे वर यायचे म्हणे, पण आता काहीच दाबून काहीच होत नव्हतं. उन्हाळ्यात एका सकाळी ती ट्रॉलीवर चढवून आमच्याकडे आली आणि अर्धं उंद्री फोटो काढून गेलं.

"देवानंद, पुन्याच्या मिस्तऱ्याइनं हात वर केले," हिंमतराव म्हणाले. "हिच्या वायरिंगचा माल आता निंगत नाई. तुले जमते का?"

"भाऊ, वायर म्हंजे वायर. गाडी लाल हाय म्हनून करंट काही इंग्रजी बोलत नाई," मी म्हणालो.

ते हसले. बोलताना ते रस्त्याच्या कडेलाच उभे राहिले, गॅरेजात आले नाहीत. पांढऱ्या कपड्यांना ग्रीस लागेल म्हणून असेल, असं मला वाटलं.

गाडी बरीच वर्षं कुठल्या तरी गोदामात पडून होती. उंदरांनी वायरिंगची पार चटणी केली होती. डॅशबोर्ड उघडला तर आत त्यांची वसाहत: कापूस, सोयाबीनची टरफलं, फ्यूज बॉक्समध्ये लेंड्या. अशा वेळी तुकडे जोडत बसण्यात अर्थ नसतो. जुनं वायरिंग अख्खंच्या अख्खं बाहेर काढायचं, प्लायवूडच्या फळीवर खिळे ठोकून त्यांच्यामधून जसंच्या तसं अंथरायचं आणि त्याच वळणांवरून नवं बांधायचं. बांधायचं काम रेणुकाचं. माझा एक जुना शर्ट साडीवर चढवायची, काळ्या टेपचे तुकडे कापून डाव्या अंगठ्याच्या नखावर चिकटवून ठेवायची आणि एकेक तुकडा काढत गुंडाळत जायची. तिच्या हातचं वायरिंग पाहून लोक विचारायचे, हे कंपनीचं आहे का.

सगळं निघालं. एक वायर तेवढी राहिली.

ती डॅशबोर्डखाली, ड्रायव्हरच्या पायापाशी होती. चहात बुडवलेल्या सुतळीच्या रंगाची. असा रंग कुठल्याच गाडीत वापरत नाहीत. टोक स्वच्छ कापलेलं, त्याला जोड नाही, कपलर नाही. तिथून ती दाराखालच्या पत्र्याच्या पोकळीत शिरत होती आणि पुढे दिसत नव्हती. मीटर लावला, काहीच दाखवेना. ना करंट, ना अर्थिंग.

"हिले उंदराइनं तोंड नाई लावलं," रेणुका म्हणाली.

खरंच होतं. शेजारच्या वायरींचा भुगा झालेला आणि हिच्यावर एका दाताची खूण नाही. हिच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा कोरी होती. तिथे लेंडी नव्हती, धूळसुद्धा नव्हती.

"कडू असंल," मी म्हणालो आणि चहाला गेलो.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या वायरीच्या मागे लागलो. पाठीवर आडवा, डोकं डॅशबोर्डखाली, पाय दाराबाहेर. मघाशी रेणुकाला डिकीकडे जाताना पाहिलं होतं. वायर कुठपर्यंत जाते ते कळावं म्हणून मी सवयीनं एक हिसका दिला. पलीकडून एक आला.

मी दोन दिले. दोन आले.

चला, डिकीपर्यंत जाते म्हणजे, असं मी मनाशी म्हणालो आणि टॉर्च तोंडात धरून पोकळीचं तोंड साफ करायला लागलो. थोड्या वेळानं वायरीला पुन्हा हिसके बसले. तीन. झालं. मी सरपटत बाहेर आलो.

रेणुका रस्ता ओलांडून येत होती. दोन्ही हातांत चहाचे ग्लास.

मी डिकीकडे पाहिलं. झाकण उघडं होतं आणि आत कोणी नव्हतं. चहा घेताना मी डोकं चालवलं. वायर कुठेतरी अडकलेली असणार. जुनं वेष्टन रबरासारखं होतं, ताणलं की मागे येतं. मी एक दिला म्हणून एक आला, दोन दिले म्हणून दोन. इथपर्यंत हिशेब बसत होता. ग्लास रिकामा झाल्यावर लक्षात आलं की तीन हिसके मी दिलेच नव्हते. आणखी एक गोष्ट लक्षात आली. ते हिसके कोरे होते. आधी सैल सोडणं नव्हतं. रेणुकाचा हात नव्हताच तो, आणि हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी तिला सांगितलं. ती खदखदून हसली. "उंदीर शिकला असंल तुमच्याजोळ. ठिवा त्याले कामाले."

मीही हसलो. हसायचं नाही तर काय करायचं?

४

रेणुका डिकीत शिरली. मागच्या चाकावरचा पुठ्ठा काढल्यावर पत्र्यात हात जाईल एवढं भोक होतं. त्यातून ती वायर तिच्या हाताला लागली. मी पुढे पडलो होतो. वायर किंचित सैल झाली आणि मग हिसका आला. तिचाच. मला इतकं बरं वाटलं की मी उगाचच एक हिसका परत दिला.

तेवढ्यात मिल जेवणासाठी थांबली आणि तिचा आवाज ऐकू आला. "अहो, इकडं या. हे इथं संपत नाई."

मी मागे गेलो. भोकात डोकावलं. वायर पुढून येत होती, तिच्या मुठीतून जात होती आणि मागच्या पत्र्याच्या घडीत शिरत होती. त्या घडीच्या पलीकडे बंपर, आणि बंपरच्या पलीकडे आमच्या गॅरेजची मागची भिंत. मी बाहेरून पत्र्यावरून बोट फिरवलं. भोक नाही, चीर नाही.

"माह्या हातातून पुढं जाऊन राह्यली," रेणुका म्हणाली. "अन् पलीकडून कोनी धरल्यावानी वाटते. जोर नाई. नुसती धरली हाय."

"कापून टाकू," मी म्हणालो. "नवीन वायरिंगमधे हिचं कामच नाई."

"न पाहता? उद्या एखादा दिवा नाई लागला त कुठून कुठं टाकसान?"

तिचं बरोबर होतं, हीच तर गंमत. बंद पत्र्यातली जुनी वायर कोणी आधी कापत नाही. जुनीच्या टोकाला नवी बांधायची आणि पलीकडच्यानं जुनी ओढायची. जुनी निघत जाते, तिच्या मागून नवी आपोआप तिच्या रस्त्यानं येते. जुनी आधी कापली की रस्ताच गेला. हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात आणि आम्ही दोघं त्यात पक्के मुरलेले. कोणी अडाणी असता तर त्यानं कटर मारला असता आणि सुखात राहिला असता.

ठरलं असं की तिनं हात घडीत घालून टोक चाचपायचं आणि तिनं सांगितलं की मी पुढून हळू ओढायचं. तिनं शर्टाची बाही वर केली. अंगठ्याच्या नखावर टेपचे तुकडे तसेच होते. मी म्हणालो, "जपून." ती म्हणाली, "जा तुम्ही." मिल पुन्हा सुरू झाली.

मी आडवा पडून वाट पाहत राहिलो. सैल. हिसका. थांब. मी थांबलो. बराच वेळ गेला. मग सैल, आणि दोन. ओढ.

मी ओढली. विहिरीतून भरली बादली ओढावी तशी जड लागली. हातभर आली, आणखी हातभर आली. आपल्या हातात एवढं जड काय येतंय, हा विचार मला तेव्हा यायला हवा होता. पण ओढ म्हटलं की मी ओढतो. इतक्या वर्षांत रेणुकानं चुकीचा इशारा कधी दिला नव्हता. मग वायर एकदम अडकली.

"झालं. सोडा आता."

रेणुका दाराशी उभी होती, माझ्या पायांपाशी. पदराला हात पुसत होती.

माझ्या मुठीतली वायर किंचित सैल झाली आणि मग तिला हिसका बसला.

"मांगं कोन हाय?" मी विचारलं.

"कोन असन?" ती म्हणाली.

५

आता माझी गोची समजून घ्या. चेहरा तोच. कपाळावरचा डाग तोच, सोल्डरचा थेंब उडून मनगटावर उठलेला चट्टा तोच. चहात साखर तेवढीच. पण दुसऱ्या दिवशी एका ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्याची वायर टाकताना मी पुढे होतो आणि ती मागे, आणि हिसका आला तो कोरा. आधी सैल नाही. माझ्या बोटांना काचलं.

"सैल नाई सोडली?" मी मागे जाऊन विचारलं.

"तुम्हीच म्हन्ता न, येळ जाते म्हनून."

मीच म्हणत होतो. बायकोनं ऐकलं तर तक्रार करणारा नवरा मी पहिलाच असेन.

दोन-तीन दिवसांनी घरी आईनं मला अंगणात गाठलं. आवाज खाली आणून म्हणाली, "सुनेले काही बोलला का बे तू? चार दिवस झाले, माह्यासंग भांडली नाई. म्या म्हटलं भाजीत मीठ जास्त झालं, त 'हो आई' म्हने." आई खूश होती. मी नव्हतो. रेणुकानं मिठावरून तरी हार मानली नसती.

मी गॅरेजात त्या वायरीशी जात राहिलो. रेणुका फळीवर नवं वायरिंग बांधत बसलेली असायची आणि मी काम असल्याचं दाखवत डॅशबोर्डखाली शिरायचो. वायर हातात घ्यायचो. सैल. दोन हिसके. ओढ. मी ओढायचो, तसूभर हलायची नाही. पुन्हा सैल, पुन्हा दोन. घाई नाही, राग नाही. ती काम करतानाच्या त्याच संथ लयीत. ओढ. अडकलंय, ओढ.

मला विचारायचं होतं, कोण आहेस? कुठे आहेस? अंधार आहे का तिथे? पण आमच्याकडे शब्द तीनच होते. थांब, ओढ, झालं. इतकी वर्षं काम केलं आणि त्या भाषेत एक प्रश्न आम्ही कधी बनवला नाही. कधी गरजच पडली नाही.

शेवटी मी एक हिसका दिला. थांब.

ती लगेच थांबली. ते मला सगळ्यात जास्त लागलं. मी बाहेर गेलो, दोन गिऱ्हाइकं केली, जेवून आलो, ऊन कललं. परत येऊन वायर धरली तर ती तशीच ताठ, निश्चल. मी थांब म्हटलं होतं म्हणून ती थांबून होती. मी डॅशबोर्डखाली डोकं घालून रडलो. मिल चालू होती म्हणून कोणाला ऐकू गेलं नाही.

६

गुरुवारी मिल बंद होती. मी रेणुकाला म्हणालो, तू आज घरीच थांब. ती 'हो' म्हणाली.

लांब दांडीचा छोटा आरसा आमच्याकडे असतो, पत्र्यामागे पाहायला. तो घेऊन मी डिकीत शिरलो. चाकावरच्या भोकातून आरसा आत घातला, मोबाइलचा उजेड टाकला. आधी गंज दिसला, उंदरांचा कापूस दिसला. मग ती घडी. चार बोटं मावतील एवढी फट. तिथे वायर आत जात होती. मी आरसा थोडा फिरवला.

उजेड माझ्या मोबाइलचा नव्हता. दुपारचा उजेड होता. फळी होती, खिळे ठोकलेली, रिकामी. लाल पत्रा होता. त्या पत्र्याला कान लावून एक बाई वाकलेली होती, पाठमोरी, एक हात खांद्यापर्यंत आत घातलेला. अंगात माझा शर्ट. दुसरा हात कडेला टेकलेला होता, त्या अंगठ्याच्या नखावर टेपचे काळे तुकडे होते. ती ऐकत होती. मिल बंद असल्यावर माणूस जसा कान देऊन ऐकतो तशी. तिच्या पलीकडे शटर वर होतं. शटरबाहेर रस्ता असायला हवा होता.

"रेणू!" मी ओरडलो.

ती वळली नाही. तिनं कान पत्र्याला आणखी घट्ट लावला.

"काय पाहून राह्यले?"

माझा हात आदळला, आरशात नुसता गंज राहिला. रेणुका माझ्या मागे उभी होती. डबा घेऊन आली होती. तिनं माझ्या हातातून आरसा घेतला, पदरानं पुसला आणि पेटीत त्याच्या जागी ठेवला. "ऊन लागलं तुम्हाले," ती मायेनं म्हणाली. "ताक आनलं हाय."

ऊन लागलं असेल. खरंच सांगतो, मी तेही धरून पाहिलं. त्या दिवसांत आमच्याकडे पत्र्याखाली ऊन लागून माणसं काहीबाही बडबडतात. मी ताक प्यालो. ताकात जिरं होतं, मला आवडतं तसं.

७

नवं वायरिंग बसलं. बटण दाबलं की बोनेटमधून दिवे डोळे उघडल्यासारखे वर येत होते. हिंमतरावांनी ट्रॉली पाठवली आणि मागून स्वतः आले. पुन्हा रस्त्याच्या कडेलाच उभे.

"थे एक राह्यली असन, थे कापून टाक, देवानंद," ते म्हणाले.

मी त्यांना त्या वायरीबद्दल काहीच बोललो नव्हतो. "कोन्ती, भाऊ?"

"राह्यतेच एखादी," असं म्हणून ते मिलकडे पाहायला लागले.

"गाडी आनखी दोन दिवस राहू द्या."

"आता नाई राहू देत म्या इथं. तुह्याच भल्याचं सांगतो."

ट्रॉलीवाल्यानं फळ्या लावल्या. मी दार उघडून खाली बसलो, वायर मुठीत धरली. रेणुका माझ्याजवळ येऊन बसली. एवढ्या जवळ की मिलच्या आवाजातही ऐकू यावं.

"कापा न," ती म्हणाली. "मी पाहून राह्यली, रोज तिथं जाऊन बसता. माह्यासंग बोलत नाई. माह्याकडं पाहत नाई. मी तुमच्यासमोर हाव. तुम्हाले काऊन पटत नाई?" तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. खरं पाणी होतं, मी पुसलं.

मी खिशातून वायरीचा एक तुकडा काढला. एक टोक मी धरलं, दुसरं तिच्या हातात दिलं. "दे हिसका."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तुकडा बोटाला गुंडाळला. मग तो किंचित सैल झाला. मग हिसका.

अगदी तोच. दारापाशी क्षणभर थांबून ठोठावल्यासारखा. ती हे शिकली, की कधी विसरलीच नव्हती आणि मीच वेडा झालो होतो, हे मला आजही सांगता येत नाही. माझ्याकडे एवढा एकच पुरावा होता, तोही गेला. एक रेणुका समोर बसून रडत होती, आणि दुसरीकडे नुसती एक वायर होती. तुम्ही काय केलं असतं?

मी त्या मातकट वायरीला एक हिसका दिला. थांब. पलीकडे सगळं स्तब्ध झालं. आणि मी कटर दाबला. कोणी धरून दाबायला लावला नाही, हात माझाच होता. टचकन आवाज झाला, तोही मिलच्या आवाजात बुडाला.

कापलेलं टोक पोकळीच्या तोंडाशी लोंबत राहिलं. मला वाटलं, संपलं. मी हात पुसले. मग ते टोक हललं.

हिसका नव्हता. ते आत जायला लागलं. हातभर, मग क्षणभर थांबणं, मग पुन्हा हातभर. जपून, हलक्या हातानं, वळणावर जरा जास्तच हळू. ही ओढ मी आयुष्यभर पाहिली आहे. जुनीच्या मागे नवी वायर बांधलेली असली, की गाठ पत्र्यात अडकू नये म्हणून रेणुका अशी ओढते. तिला पलीकडे वाटलं होतं की मी नवी बांधली. मी थांब म्हणालो ते गाठ मारायला, आणि वायर मोकळी झाली ती गाठ मारून झाली म्हणून.

नव्या वायरीचं भेंडोळं माझ्या मागे फळीवर होतं. मी झेप घेतली, टोकाला बोटं लागलीसुद्धा. ते निसटलं आणि आत गेलं. पोकळीत घासल्याचा बारीक आवाज लांब जात राहिला. गाडी तेवढी लांब नव्हती. ट्रॉलीवाल्यानं मला बाजूला सारलं, गाडी वर चढवली आणि खामगावच्या रस्त्यानं नेली. हिंमतरावांनी मागे वळून पाहिलं नाही.

त्याला आता बरेच दिवस झाले. रेणुका घरी आहे, आईशी तिचं छान पटतं. माझ्याशीही. संध्याकाळी शटर ओढताना ती म्हणते, "चाला, जेवाले," आणि मी तिच्या मागे निघतो.

तिकडे ती ओढत असेल. आपल्या मागून नवी येते आहे, या भरवशावर. टोक हातात आलं तरी तिला वाटेल की गाठ सुटली, माझ्या हातून सुटली, मी आता पुन्हा बांधीन. आणि ती कान लावून थांबेल. कामं अर्धी टाकून घरी येणारी बाई नाही ती.